पेशंटला जरा बाहेर बसवा

आमच्या संघटनेची पत्रकं मी लिहिते. शिरूरच्या एसटी स्टँडवर, दौंडच्या बाजारात आणि गाळप हंगाम सुरू झाला की पाटसच्या फाट्यावर उभी राहून ती मीच वाटते. चार वर्षं हेच चाललंय. 'आजार गरिबाचा वाढतो, बंगला डॉक्टरचा वाढतो' असली वाक्यं मला दात घासतानासुद्धा सुचतात. लोक पत्रक घेतात, घडी घालून खिशात ठेवतात, काही जण त्यात शेंगदाणे बांधतात. मला त्याचं काही वाटत नाही. पत्रकात समोर कुणीतरी असतं आणि त्याच्यावर बोट रोखायचं असतं, एवढं मला चांगलं जमतं. हे लिहायला मात्र दोन वर्षं लागली. इथं बोट रोखावं तर ते माझ्याकडंच वळतं. एक डॉक्टरही आहे, पण त्याच्याविरुद्ध लिहिणं सोपं होतं. ते मी कधीच लिहून मोकळी झाले.

आधी स्कॉटलंडचं सांगते, कारण माझा सगळा रुबाब तिथून आला. शिष्यवृत्ती मिळाली आणि सार्वजनिक आरोग्य शिकायला मी एक वर्ष तिथं होते. तिसऱ्या महिन्यात माझी पाळी आली आणि थांबेचना. बारा दिवस, चौदा दिवस. जिना चढताना डोळ्यांपुढं अंधारी यायची. दवाखान्यात फोन केला तर तिथली बाई गोड आवाजात म्हणाली, तीन आठवड्यांनंतरची वेळ देते, मध्ये वाढलं तर लगेच कळवा. मी फोन ठेवला, रडले आणि वहिनीला फोन लावला.

वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. लग्न होऊन ती निमोण्याला आमच्या घरी आली तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती आणि मी पाचवीत. माझ्या वेण्या तिनं घातल्या. मला पहिल्यांदा पाळी आली तेव्हा आईनं नुसता वेगळा पाट दाखवला, बाकी सगळं वहिनीनं सांगितलं. ती मला 'बाई' म्हणते. रागावली की 'मॅडम'.

"तीन आठवडं?" ती फोनवर म्हणाली. "मरायचं काय तवर माणसानं? इकडं निघून ये. सकाळी दौंडला जाऊ, दुपारच्याला रिपोर्ट हातात."

मी गेले नाही, तिकिटाला पैसे नव्हते. तीन आठवड्यांनी तिथल्या डॉक्टरीणबाईंकडं गेले. त्यांनी एका कोऱ्या कागदावर पेनानं चित्र काढलं, हे असं असतं, इथून रक्त येतं. रक्त तपासायला घेतलं, लोहाच्या गोळ्या लिहिल्या, मग म्हणाल्या, तीन रस्ते आहेत, प्रत्येकाचं चांगलं-वाईट हे असं, यातलं तुला काय करावंसं वाटतं? मला पहिल्यांदा वाटलं, हिला येत नाही वाटतं. डॉक्टर असून मला विचारतेय. आमच्याकडं डॉक्टरनं पेशंटला विचारलं तर लोक दुसऱ्या दिवशी डॉक्टर बदलतील. मी गोळ्यांचा रस्ता निवडला. सोनोग्राफीची तारीख आणखी सहा आठवड्यांनंतरची मिळाली, आणि तोवर गोळ्यांनीच रक्त थांबलं होतं. औषधांच्या खिडकीवर मी पाकीट उघडून उभी राहिले. त्या माणसानं पैसे न मागता पुडकं माझ्याकडं सरकवलं आणि मागच्याला पुढं बोलावलं. मी पाकीट उघडं धरून बराच वेळ तशीच उभी होते. त्या दिवशी माझ्या विभागाच्या प्रमुख प्राध्यापिकाही तिथं आल्या होत्या. माझ्यानंतर आल्या म्हणून माझ्यानंतर आत गेल्या.

हे मी वहिनीला सांगितलं तेव्हा तिला ते पटेना.

"मग तिथलं पुढारी कुठं जात्यात?"

"तिथंच."

"आन् ओळख लावाया लागत न्हाई?"

"नाही लागत."

"मग पुढारी व्हायचं तरी कशाला?"

परत आल्यावर मी पहिलं पत्रक लिहिलं ते दोन रकान्यांचं. डावीकडं 'तिकडे', उजवीकडं 'इकडे'. तिकडे उपचार हक्क, इकडे उपचार धंदा. तिकडे रांग सगळ्यांना सारखी, इकडे पैसेवाल्याला रांगच नाही. लोकांना आवडलं, दुसऱ्यांदा छापावं लागलं. त्यात मी तीन आठवडे लिहिले नाहीत. सहा आठवडे लिहिले नाहीत. व्हिसा काढतानाच माझ्याकडून तिथल्या उपचारांसाठी वेगळे पैसे भरून घेतले होते, तेही लिहिलं नाही. रडले तेही नाही. जागा नव्हती, असं मी स्वतःला सांगितलं. जागा होती, खालच्या घोषणेलाच मी पाव पान दिलं होतं.

त्याच पत्रकाच्या मागच्या बाजूला एक चौकट होती: 'गर्भाशय काढण्यापूर्वी डॉक्टरांना विचारायचे पाच प्रश्न'. आमच्या भागात पस्तिशीच्या बाया पिशवी काढून आल्याचं दाढ काढून आल्यासारखं सांगतात. रानात खुरपायला दहा जणी बसल्या तर तिघी-चौघींची काढलेली निघते. म्हणून ती चौकट. आजाराचं नाव काय, कोणत्या तपासण्या झाल्या, आधी गोळ्या देऊन बघता येईल का, तीन महिने थांबलं तर काय होईल, नेमकं काय काय काढणार आणि नंतर काय त्रास होईल. हे पाच प्रश्न मी गावोगाव बायांकडून घोकून घेतले. निमोण्यातही घेतले, आमच्याच ओसरीवर. वहिनी चहा देत होती.

दोन वर्षांपूर्वी, कांदा काढणीच्या दिवसांत, वहिनीला माझ्यासारखंच झालं. तिनं दोन महिने कुणाला कळू दिलं नाही. गडद रंगाच्या साड्या नेसायची आणि सरीत बसताना पोतं टाकून बसायची. एक दिवस कांद्याच्या ढिगाजवळ चक्कर येऊन पडली तेव्हा समजलं. दादा म्हणाला, दौंडला नेऊ. वहिनीचं माहेर पाटस, तिच्या थोरल्या बहिणीची पिशवी दौंडच्याच एका दवाखान्यात काढलेली, त्या डॉक्टरच्या हाताला गुण आहे. मी म्हणाले, आधी सरकारी दवाखान्यात दाखवू. दादा माझ्याकडं बघत म्हणाला, "तिला काय कुत्रं चावलंय का?"

यात त्याचा मला टोमणा नव्हता. आमच्याकडं सरकारी दवाखान्यात कुत्रं चावल्यावर जातात, पोरांना लस टोचायला जातात, आणि दाखला लागला तर जातात. बायको खरोखरची आजारी असताना तिला सरकारीत नेणारा नवरा कद्रू ठरतो. खाजगीत नेणं ही आमच्याकडं मायेची खूण आहे. हे मी सभेत सांगून लोकांना हसवलेलं आहे. त्या दिवशी दादाला मी दुसऱ्यांदा म्हटलं नाही. मला ते तीन आठवडे आठवले आणि खरं सांगायचं तर मलाही दुपारपर्यंत रिपोर्ट हवा होता.

दौंडला आम्ही तिघं गेलो. दवाखाना स्वच्छ होता, पंखे चालू होते, बायका बाकावर चपला काढून बसल्या होत्या. सोनोग्राफी तिथंच झाली. मग डॉक्टरांनी आत बोलावलं. दादा गाडी लावायला गेला होता, म्हणून वहिनी आणि मी आत गेलो. डॉक्टर पन्नाशीचे, मऊ बोलणारे. त्यांनी वहिनीकडं न बघता रिपोर्टवर बोट ठेवून सांगितलं, सूज आहे, दोन बारीक गाठी आहेत, पिशवीच्या तोंडाला जखम आहे. मुलं झालीत ना? दोन? ऑपरेशन झालंय? मग आता पिशवीचं काम संपलं.

आता माझे पाच प्रश्न विचारायची वेळ होती. मी एकच विचारला. "एन्डोमेट्रियम किती मिलिमीटर आहे?"

पिशवीच्या आतल्या अस्तराची जाडी विचारणारा हा प्रश्न पाच प्रश्नांत नव्हताच. उत्तराचं मी काय करणार होते, तेही मला माहीत नव्हतं. मला फक्त तो शब्द येतो हे त्यांना दाखवायचं होतं, आणि ते त्यांना दिसलं. त्यांनी पहिल्यांदा मान वर करून माझ्याकडं पाहिलं.

"मेडिकलच्या का तुम्ही?"

"नाही. पब्लिक हेल्थ. स्कॉटलंडला शिकले."

"अरे वा," ते म्हणाले. मग हसून म्हणाले, "असं करा, पेशंटला जरा बाहेर बसवा."

मी वहिनीकडं वळले आणि म्हणाले, "वहिनी, तू बस गं जरा बाहेर."

ती उठली. फाईल टेबलावर ठेवावी की बरोबर न्यावी, हे तिला कळेना. डॉक्टरांनी फाईल ठेवा म्हणून खूण केली आणि ती हात मोकळे ठेवून बाहेर गेली. ज्या शरीराबद्दल बोलणं चाललं होतं ते दाराबाहेर होतं आणि मी आत खुर्ची पुढं ओढून बसले होते. त्यांनी चहा मागवला. चहा दोन कप आला.

पुढचं बोलणं बरंचसं इंग्रजीत झालं. ते म्हणाले, वय सदतीस, रक्त कमी, गाठी आज बारीक आहेत, पण जखम पुढं कॅन्सरमध्ये गेली तर कोण जबाबदार? ह्या बायका गोळ्या नीट घेत नाहीत, परत तपासायला येत नाहीत. एकदाच मोकळं करून टाकलेलं बरं. त्यांनी 'कॅन्सर' शब्द तीन वेळा उच्चारला, आवाज न चढवता. त्यांचा एक वर्गमित्र तिकडं इंग्लंडात आहे, त्याचं सांगू लागले. तिकडं साध्या सोनोग्राफीला महिने लागतात. पेशंट बिचारा यादीत असतानाच आटोपतो. "आपल्याकडं बघा. सकाळी आलात, दुपारी निदान, परवा मोकळ्या. तुम्ही तर अनुभव घेतलाय."

मी हसले. तोंडदेखलं हसले असते तरी ठीक होतं. मी मनापासून हसले आणि म्हणाले, "हो ना, मला तर तीन आठवडे साधी वेळ मिळाली नव्हती." जे पत्रकात लिहायला मला जागा पुरली नव्हती, ते मी त्यांच्या चहाबरोबर फुकट वाटून टाकलं. ज्या डॉक्टरीणबाईंनी कागदावर चित्र काढून मला विचारलं होतं, त्यांची मी तिथं बसून चेष्टा केली. आणि मला छान वाटत होतं. एक मोठा डॉक्टर माझ्याशी बरोबरीनं बोलत होता. निमोण्याच्या पोरीशी.

उठताना ते म्हणाले, "ह्या बायका घाबरतात हो. तुम्ही शिकलेल्या, तुम्ही त्यांच्या भाषेत समजावलं तर ऐकतील." मी म्हणाले, मी सांगते.

बाहेर वहिनी बाकाच्या टोकाला बसली होती. आजूबाजूच्या दोघींशी तेवढ्यात तिची ओळखही झाली होती. मला बघून ती उभी राहिली.

"काय म्हणलं?"

"काढायला लागेल, वहिनी."

"कॅन्सर हाय?"

"नाही. पण पुढं होऊ शकतो."

तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. शेजारची बाई लगेच म्हणाली, काढून टाक बाई, माझ्या नणंदेची काढली, आता कशी ठणठणीत हाय. वहिनीनं तिच्याकडं बघितलंच नाही. माझ्याकडंच बघत म्हणाली, "तुला काय वाटतं? तू तिकडं शिकून आलीस. तू म्हणशील तसं."

मी म्हणाले, "काढून टाकू."

गोळ्यांनी माझं स्वतःचं थांबलं होतं हे ती जाणून होती. ते तिनं विचारलं नाही, मीही काढलं नाही. पिशवीतला बारीक तुकडा काढून तपासता येतो, तपासून मग ठरवता येतं, हे मला पाठ होतं. मागच्याच आठवड्यात ते मी एका वाडीवर तीस बायांना सांगितलं होतं. पण डॉक्टरांना मी 'मी सांगते' म्हणाले होते आणि त्यांनी टाकलेला विश्वास मला मोडवेना. वहिनीनं टाकलेला मोडतोय, हे डोक्यातच आलं नाही.

संमतीचा कागद इंग्रजीत छापलेला होता. नर्सनं पेन दिलं. वहिनी सातवीपर्यंत शिकलेली, सही करते, मराठी सगळं वाचते. तिनं कागद वरपासून खालपर्यंत पाहिला आणि माझ्याकडं पाहिलं. मी खालच्या रेघेवर बोट ठेवलं. "इथं." तिनं सही केली. मी तो कागद वाचला नव्हता.

ऑपरेशन झालं, चार दिवसांनी घरी आणली. काढलेली पिशवी तपासायला पाठवली होती, तिचा रिपोर्ट दहा-बारा दिवसांनी आला. दादा तो घेऊन आला तो पेढ्यांचा पुडा घेऊनच. डॉक्टर म्हणाले होते, सगळं नॉर्मल आहे, कॅन्सर-बिन्सर काही नाही. आईनं देवापुढं पेढा ठेवला. दादाच्या चेहऱ्यावरचा ताण महिन्यानं उतरलेला मी पाहिला. तो भला माणूस आहे, ह्या सगळ्यात त्याच्या मायेत खोट नव्हती. वहिनी पलंगावर उशीला टेकून बसली होती, तिनंही अर्धा पेढा खाल्ला.

मी रिपोर्ट उघडला. काढून टाकलेल्या पिशवीत काही नव्हतं, हे त्यात नीट लिहिलेलं होतं. गाठी साध्या. जखम म्हणजे सूज. घरातले सगळे ज्या गोष्टीचे पेढे खात होते ती गोष्ट अशी होती, की हे काढायची गरज नव्हती. आणि खाली आणखी एक ओळ होती: दोन्ही अंडाशय. मी ती दोनदा वाचली. दौंडहून आणलेल्या कागदांत संमतीच्या कागदाची प्रत शोधली. त्यात तेही छापलेलं होतं, स्पष्ट, आणि त्याच्या चार बोटं खाली वहिनीची सही होती, माझ्या बोटाच्या जागेवर.

मी पेढा खाल्ला. कुणाला काही बोलले नाही. दादाला सांगितलं असतं तर तो पोळला असता, असं मी तेव्हा म्हणत होते. मी पोळणार होते, हे खरं कारण.

अंडाशय गेले की बाईचं शरीर एका दिवसात म्हातारपणाकडं ढकललं जातं. पुढच्या हिवाळ्यात घरातले सगळे शेकोटीला बसायचे आणि वहिनी अंगणाच्या कडेला उभी राहून पदरानं वारा घ्यायची. मान, छाती लालबुंद. गुडघे धरायचे. कांदा काढणीला ती आता सरीत बसत नाही, बांधावर पाट ठेवून बसल्या जागी निवडते. बाया म्हणतात, मालकीण झाली. ती हसते. एकदा ती मला म्हणाली की आतून कुणी तरी चूल पेटवून विसरून गेलंय, असं वाटतं.

त्या हिवाळ्यात मी तिला एक प्रश्न विचारला. तो विचारल्याची लाज मला डॉक्टरांपुढच्या त्या हसण्याहून जास्त वाटते. मी विचारलं, "वहिनी, तू माझं पत्रक वाचलं होतंस ना? त्यात तर सगळं लिहिलं होतं." म्हणजे मला म्हणायचं होतं, तुलाही माहीत होतं. म्हणजे थोडी चूक तुझीही.

"वाचलं व्हतं की," ती म्हणाली. "पर ते गर्भाशयाचं व्हतं."

"मग?"

"माझी पिशवी व्हती ना."

मला समजेना. मग तिनं मला जे सांगितलं ते परदेशात आरोग्य शिकूनही मला कुणी सांगितलं नव्हतं. ती म्हणाली, गर्भाशय म्हणजे ज्यात गर्भ राहतो ते. तिचं दुसऱ्या बाळंतपणानंतर, चोविसाव्या वर्षी, मूल बंद करायचं ऑपरेशन झालेलं. "ऑपरेशन झाल्यावर गर्भाशय कुठं ऱ्हातं? निस्ती पिशवी ऱ्हाती." गर्भाशय ही लेकरं व्हायच्या बायांची गोष्ट. तिची नवी लग्न झालेली भाची आली होती, तिला तिनं ते पत्रक दिलं, तुझ्या कामाचं हाय म्हणून. आणि ती म्हणाली की असं वाटणारी ती एकटीच नाही, वस्तीवरच्या बाया तेच म्हणत होत्या. ओसरीवर तुझ्यापुढं पाठ म्हणून दाखवलं, बाई, कारण तू एवढी लांबून शिकून आलेली, तुझं मन कुठं मोडायचं.

मी इतकी पत्रकं छापली आणि ज्या बायांसाठी छापली त्या प्रत्येकीला ती दुसऱ्या कुणासाठी आहेत असं वाटलं. पिशवी हा शब्द मला येत नव्हता असं नाही. घरात मी तोच वापरते. छापायचं म्हटल्यावर तो मला खालचा वाटला. शास्त्रीय शब्द हवा, असं मीच सहकाऱ्यांना ठासून सांगितलं होतं.

पुढच्या पत्रकात मी पिशवी लिहिलं. त्याबद्दल संघटनेत माझं कौतुक झालं. शिरूरला बायांची सभा झाली तेव्हा मी भाषण केलं आणि त्यात सांगितलं, आमच्या गावातल्या एका बाईची पिशवी गरज नसताना काढली, संमतीचा कागद तिला वाचून कुणी दाखवला नाही. 'कुणी' म्हणाले. बायांच्या डोळ्यांत पाणी आलं, टाळ्या पडल्या. मीही भरून आले होते. खरोखर आले होते, हे जास्त वाईट.

सभेला आमच्या वस्तीवरच्या दोघी होत्या. मी घरी पोचायच्या आत भाषण घरी पोचलं होतं. वहिनी भाकऱ्या थापत होती.

"एक बाई कोण गं?"

मी पत्रकांचा गठ्ठा खाली ठेवला.

"मला काय वाटत न्हाई माझं सांगितलं तर. नाव घालून सांग." तिनं भाकरी तव्यावर टाकली, पाणी फिरवलं. "पर माझं सांगतीस तर तुझं बी सांग की, मॅडम. तू कुठं बसली व्हतीस ते. त्यो डॉक्टर सोडून आनखी कोन कोन व्हतं तिथं, ते समद्या बायांला कळू दे."

तेव्हा मला कळलं की तिला सगळं कळलेलं होतं. कधी कळलं, कुणी सांगितलं, मी विचारलं नाही. बहुतेक कुणी सांगावं लागलंच नसेल. दार काही फार जाड नव्हतं, आणि हसू काही इंग्रजीत नसतं.

ती माझ्याशी भांडली नाही. बोलणं बंद केलं नाही. सकाळी चहा देते, प्रवासाला निघाले की डबा भरून देते. तिनं एकदा तरी शिव्या घालाव्यात म्हणून मी वाट पाहिली. शिव्यांना उत्तर द्यायला मी तयार असते, ते माझं रोजचं काम आहे. ह्याला नव्हते.

गेल्या पावसाळ्यानंतर वस्तीवरची एक बाई आमच्याकडं आली. वय चौतीस, दोन पोरी, तेच दुखणं. शिरूरच्या बाजूच्या कुठल्या तरी खाजगी दवाखान्यात दाखवलं होतं, तिथंही पिशवी काढा म्हणाले, चार दिवसांत या म्हणाले. ओसरीवर मी बसले होते, समोर लॅपटॉप, भिंतीला पत्रकांचे गठ्ठे. ती माझ्यासमोरून गेली, मला "बरी हाईस का" म्हणाली आणि सरळ आत वहिनीकडं गेली.

आतून त्यांचं बोलणं ऐकू येत होतं. वहिनी तिला विचारत होती, रक्त तपासलं का? गोळ्या दिल्या का आधी? पिशवीसंगं आणखी काय काढणार, विचारलंस? तुकडा काढून बघा म्हणायचं, आणि थांबते म्हणायचं. घाई असली तर त्याला असंल, आपल्याला न्हाई. हे माझेच पाच प्रश्न होते. तिच्या तोंडून ते पहिल्यांदा प्रश्नांसारखे वाटले.

मग मी आत गेले. म्हणाले, पुण्याला मोठ्या सरकारी दवाखान्यात जाऊ, तिथं सगळ्या तपासण्या होतात. मी नेते. मला तिथली पद्धत माहीत आहे, कुठल्या खिडकीला कागद काढायचा ते माहीत आहे.

"मी जाते तिच्यासंगं," वहिनी म्हणाली.

"तुझे गुडघे? तिथं चार-चार तास उभं राहावं लागतं."

"ऱ्हाईन."

"मग मीही येते."

वहिनी तांदूळ निवडत होती. तिनं ताटातून एक खडा उचलला, बाजूला टाकला, आणि अजिबात न रागावता, समजावल्यासारखं म्हणाली, "तू नको येऊ, बाई. तू आलीस की डॉक्टर तुझ्याशीच बोलतो."

पत्रकं लिहिणाऱ्या माणसाकडं प्रत्येक वाक्याला उत्तर असतं. ह्या वाक्यात मला एक शब्द खोडता आला नाही.

दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं त्या दोघी शिरूरला गेल्या, तिथून पुण्याला. कुठली खिडकी, कुठला मजला, हे मी रात्रीच एका कागदावर लिहून दिलं होतं. वहिनीनं तो घेतला, ब्लाऊजमध्ये ठेवला. दिवसभर मी घरी होते. तिच्या वाटणीचं काम केलं, आईला जेवायला वाढलं, पोरांचे डबे घासले. दिवेलागणीला ती आली. पाय धुतले, तांब्याभर पाणी प्याली, पायरीवर बसून गुडघे चोळले.

मी विचारलं, काय झालं?

"सहा तास गेलं लायनीत. एक बाई तर तिथंच आडवी झाली." ती दमली होती. "तुकडा घेतलाय तपासायला. गोळ्या दिल्यात. पंधरा दिवसांनी बोलावलंय."

"काढायची म्हणाले?"

"आत्ता न्हाई म्हणलं. गोळ्यांनी थांबतंय का बघू म्हणलं."

मी तिच्या शेजारी पायरीवर बसले. विचारलं, "पंधरा दिवसांनी मी येऊ का? नुसती लाइन धरते. आत येत नाही."

तिनं माझ्याकडं बघितलं. मग दुसरा गुडघा चोळायला घेतला.

"बघू," ती म्हणाली.